टँक नंतर, आधी आडोसा: 'कंपनी ऑफ हीरोज' पहिल्यांदा खेळताना

"मामा, यात लाकूड तोडायला माणसं कुठून आणायची?"

भाचा सुट्टीला आमच्याकडे कोथरूडला राहायला आला होता. त्याला 'कंपनी ऑफ हीरोज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा स्ट्रॅटेजी गेम लावून दिला आणि पाचव्या मिनिटाला हा प्रश्न आला. त्याची चूक नाही. आपल्याकडे स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की बहुतेकांची मुंज 'एज ऑफ एम्पायर्स'वर लागलेली असते. गावकरी काढा, झाडं तोडा, शेतं लावा, भिंत बांधा आणि अर्ध्या तासाने हत्ती घेऊन निघा. मीसुद्धा २००७ च्या सुमाराला टिळक रोडजवळच्या एका कॅफेत हेच करायचो. तिथे एका मुलाने हा नवा गेम लावला आणि मला समोर बसवलं. मी मुख्यालयाभोवती तारेचं सुरेख कुंपण घातलं, वाळूची पोती रचली आणि त्याची वाट बघत बसलो. साधारण वीस मिनिटांत हरलो. त्याचा एकही सैनिक माझ्या कुंपणापाशी फिरकला नव्हता. तो नकाशावरचे तीन झेंडे धरून निवांत बसला होता.

कुंपणाच्या आत बसून हा गेम जिंकता येत नाही. इथे लाकूड नाही, सोनं नाही, शेत नाही. जमीन धरली की उत्पन्न येतं, आणि जमीन धरायला माणसं जिवंत राहावी लागतात. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कुठला भाग घ्यायचा, कशावर खेळायचा

कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंटने पहिला भाग २००६ मध्ये काढला. त्यात १९४४ चं नॉर्मंडी आहे. दुसरा भाग २०१३ चा. तो रशियाच्या आघाडीवर घडतो आणि त्यात बर्फ, हिमवादळं, गोठलेल्या नद्या आहेत. तिसरा २०२३ चा, इटली आणि उत्तर आफ्रिकेतला. नवख्याने पहिल्यापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या कुठल्याही साध्या लॅपटॉपवर तो चालतो, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातल्या उन्हाळी किंवा हिवाळी सेलमध्ये स्वस्तात मिळतो, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यातला तोफगोळा पडला की अंगणातली भिंत जशी कोसळायला हवी तशीच कोसळते. खाली लिहिलंय ते पहिल्या भागाला धरून आहे. मूळ गोष्टी मात्र तिन्ही भागांत जवळपास सारख्याच.

लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळू नका. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात की परत येताना एक साधा वायरचा माउस घेऊन या, चाकवाला. कीबोर्डची सवयच नसेल तर २०२० मध्ये हा गेम आयपॅडवर आणि नंतर आयफोन व अँड्रॉइडवरही आला. तो बऱ्यापैकी जमलाय, पण बोटांनी तुकड्या हलवताना घाईच्या क्षणी चुकीची तुकडी निवडली जाते. सवड असेल तर कॉम्प्युटरच बरा.

डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर मे महिन्यात दुपारी चारनंतर दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. वळवाच्या पावसाची पहिली सर आली की आमच्याकडे दिवे जातात, आणि नेमके शेवटच्या मिशनमध्ये जातात.

पहिला डाव कसा लावायचा

आधी ट्यूटोरियल करून टाका, कंटाळवाणं वाटलं तरी. मग थेट मोहिमेत, म्हणजे गोष्टीच्या मिशनांत, न शिरता स्कर्मिश, म्हणजे सुटा डाव, उघडा. त्यात अमेरिकन सैन्य, समोर एकच कॉम्प्युटर, त्याची पातळी सगळ्यात सोपी, आणि नकाशा 'अँगोव्हिल फार्म्स'सारखा दोघांसाठीचा लहान निवडा. जिंकण्याची पद्धत 'व्हिक्टरी पॉइंट' ठेवा आणि आकडा ५००.

नकाशावर तीन खास झेंडे असतात. तीनपैकी दोन तुमच्याकडे असतील तर समोरच्याचे ५०० हळूहळू घसरायला लागतात. तिन्ही तुमच्याकडे आले की आणखी वेगाने घसरतात. ज्याचा आकडा शून्यावर जातो तो हरतो, मग त्याचं मुख्यालय कितीही धडधाकट असो. कॅफेत माझं झालं ते हेच.

वेगळी पद्धत म्हणजे शत्रूच्या सगळ्या इमारती पाडायच्या. त्या वाटेला सध्या जाऊ नका. तिथे नवखा माणूस चाळीस टँक जमवायची स्वप्नं बघत बसतो.

तीन खाती

पडद्यावर तीन आकडे वाढताना दिसतात: मनुष्यबळ, दारूगोळा, इंधन. मनुष्यबळ तुकड्या घ्यायला आणि इमारती बांधायला लागतं. दारूगोळा हातबॉम्ब, सुरुंग, जास्तीची शस्त्रं यांत जातो. इंधनाशिवाय वरच्या इमारती आणि रणगाडे मिळत नाहीत. मनुष्यबळ आपोआप येत राहतं, पण सैन्य जितकं मोठं तितका त्याचा खर्च उत्पन्नातून वळता होतो. दारूगोळा आणि इंधन हवं असेल तर त्यांची चिन्हं असलेले झेंडे धरावे लागतात.

नवखे लोक दारूगोळा साठवून ठेवतात. आजी जशी चांगली भांडी माळ्यावर ठेवते तसं. डाव संपतो तेव्हा तीनशे दारूगोळा शिल्लक, आणि हातबॉम्ब एकही टाकलेला नसतो. वापरून टाका.

पहिली पाच मिनिटं

सुरुवातीला तुमच्याकडे मुख्यालय आणि इंजिनिअरची एक तुकडी असते. त्या तुकडीला लगेच बॅरॅक बांधायला लावा. मुख्यालयातून दुसरी इंजिनिअर तुकडी मागवा आणि ती बाहेर पडली की जवळचे झेंडे घ्यायला धाडा. शिफ्ट दाबून एकापाठोपाठ एक ठिकाणं सांगितली की ती तुकडी सगळीकडे क्रमाने जाते. दर वेळी तिच्या मागे लागावं लागत नाही.

बॅरॅक उभी राहिली की रायफलमनच्या तुकड्या सुरू करा. एका तुकडीत सहा जण. अशा तीन तुकड्या झाल्या की थांबा आणि नकाशा बघा. पहिल्या दोन तुकड्या इंधनाच्या झेंड्याकडे आणि तिसरी मधल्या व्हिक्टरी पॉइंटकडे पाठवा. इंजिनिअर मागून येऊन घेतलेल्या झेंड्यावर निरीक्षण चौकी बांधू शकतात. तिने उत्पन्न वाढतं, आणि शत्रूला तो झेंडा घेण्याआधी ती चौकी पाडत बसावी लागते. पहिल्या पाच मिनिटांत एवढं झालं तरी खूप झालं. या वेळात टँकचा विचारही करायचा नाही.

भाचा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "मामा, टँक कधी?" मी म्हटलं, "आधी चालायला शीक, मग स्कूटर."

आडोसा

या गेमचं मर्म इथे आहे.

तुकडी निवडून माउस जमिनीवर फिरवलात की प्रत्येक सैनिक कुठे उभा राहील ते छोट्या ठिपक्यांनी दिसतं. हिरवा ठिपका म्हणजे भक्कम आडोसा: दगडी भिंत, वाळूची पोती. पिवळा म्हणजे कामचलाऊ: झुडूप, लाकडी कुंपण. लाल म्हणजे सगळ्यात वाईट, अगदी उघडी जागा, उदाहरणार्थ रस्ता. रस्त्यावर उभी असलेली तुकडी जास्त मार खाते. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आडोशालाही दिशा असते. भिंतीच्या या बाजूला बसलेला माणूस पलीकडून आलेल्या गोळ्यांपासून वाचतो. गोळ्या पाठीमागून आल्या तर भिंत कुठल्या कामाची? म्हणून तुकडी हिरव्यात बसवली म्हणजे काम झालं असं नाही. शत्रू कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं.

आडोसे बनतात आणि मोडतातही. तोफगोळा पडला की तिथे खड्डा होतो, आणि खड्ड्यात लपता येतं. टँक कुंपणं आणि भिंती चिरडत जातो, म्हणून पंधरा मिनिटांपूर्वी जिथे छान भिंत होती तिथे आता नुसता मुरूम असतो. नकाशा सतत बघत राहा.

आडोशामागच्या माणसाला बाहेर काढायचे उपाय तीन: हातबॉम्ब, मॉर्टर म्हणजे उखळी तोफ, आणि इंजिनिअरची आग फेकणारी बंदूक. ही फ्लेमथ्रोअर ५० दारूगोळ्यात मिळते. घरात दडून बसलेल्या शत्रूला ती नेमकी लागू पडते. घराच्या भिंती गोळ्या अडवतात, आग नाही अडवत.

मशिनगनसमोर काय करू नये

जर्मनांची एमजी ४२ ही मशिनगन मिनिटाला सुमारे बाराशे गोळ्या झाडायची. गेममधली एमजी माणसं मारते त्याहून जास्त त्यांना जमिनीला चिकटवते. गोळ्यांच्या झोतात सापडलेली तुकडी आधी रांगायला लागते, आणि तरीही तिथेच राहिली तर पूर्ण दबून जाते. मग ती ना पुढे जाते, ना धड गोळी झाडते. नवख्यांचे पहिले पाच पराभव इथेच होतात. एक तुकडी अडकली म्हणून तिला सोडवायला दुसरी पाठवतात, मग तिसरी. तिन्ही एकाच झोतात.

खरंच समोरून धावत जाऊन मशिनगन बंद पाडणारे लोक होते. त्यातले एक आपल्याकडचेच. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशिनगनचा मारा झाला. बरोबरचे सगळे पडले. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्बने ती बंदूक आणि तिचा चालक संपवला, एकाला गोळी घातली आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ताम्हिणीने कोकणात उतरून माणगावला गेलात तर त्यांचा पुतळा बघा. त्या धाडसाला व्हिक्टोरिया क्रॉस का मिळाला हे गेममध्ये एमजीसमोर दोनदा रांगल्यावर नीट कळतं.

तुम्ही ते करू नका. भाच्याला मी दाखवलं ते सांगतो. रस्त्याच्या टोकाला एका घराच्या खिडकीत जर्मन मशिनगन होती. तिच्यासमोर, शक्य तितक्या लांब, दगडी भिंतीमागे एक तुकडी बसवली. ती मारा खाईल, पण भिंतीमागे टिकेल. मशिनगनचं तोंड तिच्याकडे वळलं. बंदुकीला मारा करता येतो तो समोरच्या ठरावीक कोनात, आणि तोंड फिरवायचं तर पुन्हा मांडणी करायला काही सेकंद जातात. तेवढ्यात दुसरी तुकडी शेजारच्या बागेतून, झुडपांच्या कडेने, वळसा घालून घराच्या मागे आली. एक हातबॉम्ब खिडकीत. घरातून दोघे बाहेर पळाले, एक तिथेच पडला.

आणि आता मौज. बंदूक चालवणारे मेले तरी बंदूक पुष्कळदा जागेवर शाबूत राहते. आपल्या तुकडीला तिच्यावर क्लिक करायला लावलं की त्यातले काही जण ती उचलतात. भाच्याच्या पहिल्या डावात त्याच्याकडे स्वतःची एकही मशिनगन नव्हती, जर्मनांची एक होती. ते बघून त्याला टँकचा विसर पडला.

आपली मशिनगन लावताना उजवं बटन दाबून धरा आणि माउस ओढून तिची दिशा द्या. नुसतं क्लिक केलंत तर ती जाऊन भलतीकडे तोंड करून बसते.

टी: सगळ्यात महागडं बटन

कीबोर्डवरचं 'टी' अक्षर लक्षात ठेवा. तुकडी निवडून टी दाबलं की ती सगळं सोडून मुख्यालयाकडे पळत सुटते. पळताना तिला गोळ्या कमी लागतात, आणि मशिनगनखाली दबलेली तुकडीसुद्धा उठून पळते. मुख्यालयापाशी आली की तिच्यात नवी माणसं भरता येतात. हे नवी तुकडी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय जुन्या तुकडीने लढून मिळवलेला अनुभव टिकतो. अमेरिकन सैन्याला हा अनुभव फक्त लढूनच मिळतो. जर्मनांना तो साधनं खर्चून विकत घेता येतो. म्हणजे अमेरिकन बाजूने खेळताना तुमची अनुभवी तुकडी मेली की ती गेलीच.

शीर सलामत तो पगडी पचास. सहापैकी तीन उरले की टी दाबायचं, हा माझा नियम. दोन उरेपर्यंत थांबलात तर वाटेत तेही जातात.

भाच्याला हे पटायला वेळ लागला. "मामा, पळायचं काय? अजून दोघं आहेत ना!" त्या दोघांनी झेंडा वाचवला नाही. त्यांच्या जागी सहा जणांची नवी तुकडी घ्यायला २७० मनुष्यबळ गेलं, तेव्हा त्याने हिशोब केला.

दोन गोष्टी सांभाळा. पळणारी तुकडी तुमचं काही ऐकत नाही, ती सरळ वाटेनेच जाते. त्या वाटेवर शत्रूने मशिनगन लावलेली असेल तर ती तिच्यासमोरूनच धावेल. आणि सगळ्या तुकड्या एकदम मागे घेऊ नका. एक तरी पुढे ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत तिन्ही झेंडे गेलेले असतात.

रसद

नकाशा लहान लहान तुकड्यांत वाटलेला असतो. प्रत्येक तुकड्याचा एक झेंडा. तुमच्या ताब्यातला तुकडा सलग तुमच्याच जमिनीतून मुख्यालयाला जोडलेला असला तरच त्याचं उत्पन्न येतं. मधला एक तुकडा शत्रूने घेतला की पलीकडचं सगळं तुटतं. पलीकडे तुमचे झेंडे फडकत असतात, इंधनाचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना ओलांडून आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधे बसला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा उरलासुरला आधार गेला. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेब लढायला बाहेर पडले ते उपाशी फौज घेऊन. त्यानंतर 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच झाला. गेममध्ये तुमचं इंधन अचानक थांबलं तर आधी लहान नकाशा उघडा आणि आपला बागपत कुठे झालाय ते शोधा.

उलट तुम्हीही हेच करा. पहिल्या डावाआधी दोन मिनिटं नकाशा बघून शत्रूच्या बाजूची अरुंद मान शोधा, म्हणजे जो एक तुकडा घेतला की त्याचे इंधनाचे झेंडे मुख्यालयापासून तुटतील तो. तिथे एकच तुकडी पाठवा. झेंडा घ्या, इंजिनिअर बरोबर असेल तर सुरुंग पेरा आणि निघा. तो परत घ्यायला येईल तेवढा वेळ त्याचा टँक लांबतो. इंधनाचा झेंडा थेट हिसकावण्यापेक्षा हे सोपं, कारण तिथे पहारा असतो आणि अरुंद मानेवर बहुधा नसतो.

पूल असलेल्या नकाशावर इंजिनिअर पुलाला सुरुंग लावू शकतात. शत्रूचा टँक पुलावर आल्यावर तो उडवण्यात जो आनंद आहे तो वर्णन करून सांगण्यासारखा नाही.

आता टँक

आला एकदाचा. रणगाड्याचं चिलखत पुढे जाड आणि मागे पातळ. जर्मनांच्या टायगर रणगाड्याच्या पुढच्या बाजूला १०० मिलिमीटर पोलाद होतं, आणि अमेरिकन शर्मन रणगाडा समोरासमोर त्याच्याशी नेम लावत बसला तर शर्मनचाच भंगार होतो. गेममध्येही तसंच. टायगर दिसला की दोन दिशांनी जा. एकाने समोर लांब राहून लक्ष वेधायचं, दुसऱ्याने मागून यायचं.

टँक मागे घेताना लांबचं ठिकाण देऊ नका. तो सावकाश वळून निघतो, आणि वळताना नेमकी पातळ पाठ शत्रूला दाखवतो. थोडं थोडं मागचं ठिकाण दिलंत तर तोंड समोर ठेवून सरकतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन शर्मन घालवून कळलं.

टँक एकटा पाठवायचा नाही. खांद्यावरून रॉकेट डागायची पँझरश्रेक घेऊन आलेले पायदळाचे चार जण त्याला पुरतात. त्याच्या पुढे एक रायफलमन तुकडी आणि मागे इंजिनिअर दुरुस्तीला. समोरून टँक येणार असेल तर ५७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ दोन तुकड्यांच्या मधे, जरा मागे लावा. तिलाही मशिनगनसारखी दिशा द्यावी लागते, आणि बाजूने कोणी आलं तर ती अगदी निराधार असते.

कमांडर आणि बोटांच्या सवयी

लढताना मिळालेल्या गुणांवर तुम्हाला तीनपैकी एक शाखा निवडता येते: हवाई, पायदळ किंवा चिलखती. एकदा निवडली की बदलता येत नाही. सुरुवातीला पायदळ घ्या. रेंजर हे निवडक सैनिक येतात, १०५ मिलिमीटरची तोफ मिळते, डोक्याला ताप कमी. हवाई शाखेत छत्रीधारी सैनिक भलत्या ठिकाणी उतरवायची गंमत आहे, पण ते नीट वापरायला डाव वाचता यावा लागतो. चिलखती शाखेतला पर्शिंग टँक बघून सगळे भुलतात, आणि तो येईपर्यंत डाव हरलेले असतात.

बाकी बोटांची सवय थोडी. कंट्रोल धरून आकडा दाबला की तुकडीला तो क्रमांक मिळतो. मग नुसता आकडा दाबला की ती हातात येते. मशिनगन १, पुढच्या रायफली २ आणि ३, इंजिनिअर ४, हे मी वर्षानुवर्षं बदललेलं नाही.

मोहीम

पाचसहा स्कर्मिश जिंकल्यावर मोहिमेकडे वळा. पहिलंच मिशन ६ जून १९४४ चं, ओमाहा किनाऱ्यावरचं. तिथे माणसं मरणारच, मनाला लावून घेऊ नका. पुढे कारांताँ गाव घ्यायचं आणि मग त्याच गावाचं जर्मन प्रतिहल्ल्यापासून रक्षण करायचं अशी दोन मिशन आहेत. खऱ्या युद्धातही ते गाव अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनने १२ जूनला घेतलं आणि १३ ला जर्मन परत चालून आले. मशिनगन, सुरुंग, तारा, घरं यांची मांडणी शिकायला दुसरं मिशन उत्तम. मी ते आजही अधूनमधून नुसतं मांडणीसाठी खेळतो. शेवटाला मॉर्टेनची टेकडी आणि फालेझचा वेढा. तिथपर्यंत पोचलात तर हा लेख तुमच्या उपयोगाचा उरलेला नसेल.

कारांताँ झाल्यावर भाच्याने विचारलं, "यात आपले लोक नव्हते का?" नॉर्मंडीत नाही, म्हणून पहिल्या भागात नाहीत. इटलीत मात्र होते, आणि तिसऱ्या भागात ब्रिटिश बाजूला भारतीय तोफखान्याची एक शाखा आहे, गुरखेही आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीची वेगळी तुकडी काही मला भेटली नाही. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीपाशी याच मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून नेलं. मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकत मागच्यांना बोलावलं. हे मिशन कोणीतरी करायला हवं होतं. शनिवारी भाच्याला खडकीच्या वॉर सिमेटरीत घेऊन गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त कबरी आहेत तिथे. प्रत्येक दगडावर पलटणीचं चिन्ह आणि बऱ्याच दगडांवर वय. तो वयंच वाचत होता. एकवीस, तेवीस, एकोणीस.

ऑनलाइन जाण्याआधी

सोप्या कॉम्प्युटरला सलग तीनदा, मग मध्यम पातळीच्या कॉम्प्युटरला दोनदा हरवा. मग ओळखीच्या माणसाशी खेळा. अनोळखी माणसांशी खेळायला गेलात तर पहिले दहा डाव हराल, आणि समोरचा काही गोड बोलणार नाही. हरलेला डाव सेव्ह झालेला असतो. तो परत लावून शत्रूच्या बाजूने बघा. त्याने पहिली मशिनगन कुठे लावली आणि आपला कुठला तुकडा आधी तोडला, एवढंच बघायचं.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री भाचा माझ्याविरुद्ध खेळला. अकराव्या मिनिटाला माझं इंधन थांबलं. मी लहान नकाशा उघडला. मुख्यालयामागच्या, मी कधीच लक्ष न दिलेल्या कोपऱ्यातल्या झेंड्यावर त्याची इंजिनिअरची एक तुकडी उभी होती. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "मामा, बागपत!"